फ्लिकचा बचाव एवढा पुढे का उभा असतो?

२६ ऑक्टोबर २०२४. माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियममध्ये रिआल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना. त्या रात्री किलियन एम्बापे एकटा आठ वेळा ऑफसाइड सापडला आणि त्याचा सगळा संघ मिळून बारा वेळा. त्याने चेंडू जाळ्यात धाडलाही, पण ते गोल धरले गेले नाहीत. मध्यांतराला ०-० असलेला सामना बार्सिलोनाने ४-० असा जिंकला. जगातला सर्वांत वेगवान म्हणावा असा आघाडीपटू, समोर जवळजवळ निम्मं मैदान मोकळं, आणि तरीही त्याला तिथे नियमात राहून पोचता येईना.

हे ज्याच्या डोक्यातून आलं तो हान्सी फ्लिक. एकेकाळचा जर्मनीतल्या बायर्न म्युनिक क्लबचा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, मग वर्षानुवर्षं दुसऱ्यांचा सहायक, मग बायर्नचा, जर्मनीचा आणि आता बार्सिलोनाचा प्रशिक्षक. रात्री साडेबारा-दीडला जागून त्याचा संघ बघणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींचा जीव हमखास टांगणीला लागतो. बचावपटू मध्यरेषेला खेटून उभे, मागे गोलरक्षक सोडला तर चिटपाखरू नाही. हा वेडेपणा आहे की हिशेब? आणि हिशेब असेल, तर तोच माणूस एका संघासोबत वर्षभरात सहा करंडक जिंकतो आणि दुसऱ्या संघासोबत विश्वचषकाच्या गटातच गारद कसा होतो? माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, आणि ते बचावफळीत सापडत नाही. ते मधल्या फळीत आहे, जिथे फ्लिक स्वतः खेळला.

आधी नियम बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. ऑफसाइड ठरतो तो पास सुटल्याच्या क्षणी. चेंडू येऊन पोचतो तेव्हा कोण कुठे आहे याला काही किंमत नाही. सहकाऱ्याच्या पायातून चेंडू निघाला त्या क्षणी तुम्ही प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात आहात, चेंडूच्या पुढे आहात आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यापेक्षाही गोलरेषेच्या जवळ आहात, तर तुम्ही ऑफसाइड जागी आहात. त्याच्या बरोबरीत असाल तर चालतं. शेवटचा बहुतेक वेळा गोलरक्षक असतो, म्हणून व्यवहारात सगळ्यांत मागचा बचावपटू हीच सीमा. डोकं, धड, पाय यांतलं काहीही पुढे असलं तरी मोजलं जातं, हात मोजत नाहीत. नुसतं तिथे उभं राहणं हा गुन्हा नाही, खेळात भाग घेतला की शिट्टी वाजते. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड लागत नाही.

यातली मेख अशी, की ही सीमा चुन्याने आखलेली नसते. बचावपटू जिथे उभा राहील तिथे ती असते. तो चार पावलं पुढे आला की तीही चार पावलं पुढे येते. शेवटचे चौघे एकदम पुढे सरकले, तर क्षणापूर्वी अगदी नियमात उभा असलेला आघाडीपटू काहीही न करता ऑफसाइड होतो. यालाच ऑफसाइड ट्रॅप म्हणतात. पुढे यायला मर्यादा फक्त मध्यरेषेची, कारण स्वतःच्या अर्ध्या मैदानात कोणी ऑफसाइड होऊ शकत नाही.

एवढं सोपं असेल तर सगळेच संघ असं का खेळत नाहीत? कारण पास नेमका कधी सुटणार हे बचावपटूच्या हातात नसतं. चेंडू ज्याच्या पायाशी आहे त्याला मान वर करून बघायला सवड मिळाली, की तो थांबेल, आपला साथीदार नीट वेळ साधून धावायला लागला की त्याच्या पुढ्यात चेंडू टाकेल, आणि मग मागचं मोकळं रान आयतंच आघाडीपटूच्या पदरात पडेल. पण त्याच्या अंगावर कोणी धावून गेलं, त्याला घाईत, मान खाली घालून, हव्या त्या क्षणाच्या आधी किंवा नंतर चेंडू मारावा लागला, तर धावणाऱ्याची वेळ चुकते. म्हणजे ट्रॅप लागणार की अंगाशी येणार, हे बचावाच्या रेषेपासून वीस-तीस मीटर पुढे, चेंडूभोवतीच्या झटापटीत ठरतं. शाळेच्या संघालाही शिकवतात ते सूत्र हेच आहे: चेंडूवर दाब असेल तर रेषा पुढे, दाब नसेल तर तोंड फिरवून मागे पळा. फ्लिक वेगळा ठरतो तो एवढ्यासाठी, की दाब नसण्याची वेळच येऊ नये अशा बेताने तो अख्खा संघ उभा करतो.

आघाडीचे तिघे प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूंना चेंडू सुखाने फिरवू देत नाहीत. मधली फळी त्यांच्या पाठोपाठ वर येते, कारण ती मागे राहिली तर दोन फळ्यांत खिंडार पडेल आणि तिथे चेंडू घेऊन कोणीही निवांत वळेल. आणि मधली फळी वर गेली की बचावाला वर यावंच लागतं, नाहीतर खिंडार आणखी मागे सरकेल एवढंच. सगळे दहा जण एका आखूड पट्ट्यात दाटीवाटीने खेळतात. चेंडू गेला तरी तो परत मिळवायला दोन-तीन खेळाडू हाताच्या अंतरावर असतात. मागचं मोकळं मैदान ही या दाटीची किंमत आहे, आणि फ्लिक ती उघड्या डोळ्यांनी मोजतो.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांना मदत करायची सोय, आल्यापासून ही किंमत थोडी स्वस्त झाली, हेही सांगायला हवं. पूर्वी लाइनमनच्या नजरेवर सगळं होतं, आणि अर्ध्या फुटाचा फरक धावत्या माणसाला दर वेळी दिसेलच असं नाही. आता पंच खेळ चालू ठेवतात, गोल झाला तर मागे जाऊन मोजतात. स्पेनच्या ला लिगामध्ये २०२४-२५ च्या हंगामात, म्हणजे फ्लिकच्या तिथल्या पहिल्याच वर्षी, अर्धस्वयंचलित ऑफसाइड यंत्रणा आली. कॅमेरे प्रत्येक खेळाडूचे सांधे टिपतात आणि बुटाचं टोक पुढे असलं तरी सापडतं. इंचाइंचावर खेळणाऱ्या संघाला यापेक्षा चांगला साक्षीदार कुठे मिळणार?

आता माणूस बघू. फ्लिकचा जन्म हायडेलबर्गचा, २४ फेब्रुवारी १९६५ चा. वाढला जवळच्याच म्युकेनलोख नावाच्या खेड्यात, आणि फुटबॉलही तिथल्याच क्लबात सुरू झालं. झांडहाउझेनकडून खेळताना बायर्नच्या नजरेत भरला आणि १९८५ मध्ये म्युनिकला गेला. पाच वर्षांत चार वेळा बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची सर्वोच्च लीग, आणि एकदा जर्मन करंडक. प्रशिक्षक कोण, तर आधी उडो लाटेक आणि मग युप हाइनकेस, दोघेही जर्मन फुटबॉलमधले दिग्गज.

या यादीवरून तो मोठा तारा होता असं वाटेल, पण तसं नव्हतं. बायर्नसाठी १०४ लीग सामन्यांत त्याचे गोल पाच. जर्मनीच्या मुख्य संघाकडून तो एकही सामना खेळला नाही. त्याच्या शेजारी लोथार मथेउस खेळायचा, पुढे सुसाट जाणारा, गोल करणारा, कॅमेऱ्याने पाठ न सोडलेला. असा खेळाडू पुढे गेला की त्याची सुटलेली जागा कोणीतरी धरावी लागते, चेंडू हिसकावून त्याच्याकडे परत द्यावा लागतो. फ्लिक त्या कामाचा माणूस. मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या अशा खेळाडूला एक गोष्ट दिसते जी कडेने खेळणाऱ्या विंगरला किंवा गोलरक्षकाला दिसत नाही: आपल्या पुढची फळी आणि मागची फळी यांतलं अंतर. ते वाढायला लागलं की सगळ्यांत आधी त्याचीच दमछाक होते.

२७ मे १९८७ ला व्हिएन्नात युरोपियन करंडकाची अंतिम लढत होती, बायर्न विरुद्ध पोर्तो. फ्लिक सुरुवातीच्या अकरात होता. कोगलच्या हेडरने बायर्न १-० ने पुढे गेलं आणि ७७ व्या मिनिटापर्यंत पुढेच होतं. मग रबाह मजेरने टाचेने मारलेला तो प्रसिद्ध गोल झाला, आणि तीन-चार मिनिटांत ज्युआरीचा दुसरा. करंडक पोर्तोला. थोडक्या मिनिटांत होत्याचं नव्हतं कसं होतं, हे फ्लिकने बाविसाव्या वर्षी मैदानात उभं राहून पाहिलं.

१९९० मध्ये तो कोलोनला गेला. १९९१ च्या जर्मन करंडकाची अंतिम लढत त्याचा संघ वेर्डर ब्रेमेनकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरला, मग दुखापतींनी पिच्छा पुरवला, आणि १९९३ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, व्यावसायिक कारकीर्द संपली.

इथून पुढची पंधरा-सोळा वर्षं लोक भराभर वाचून टाकतात, पण मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. फ्लिक गावाकडे परतला. बामेन्टालच्या छोट्या क्लबात खेळला, १९९६ पासून तिथेच खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी घेतली. त्याच गावात बायकोसोबत खेळाच्या सामानाचं दुकान चालवलं. चार बुंडेसलिगा जिंकलेला माणूस संध्याकाळी नोकरी-धंदा आटोपून येणाऱ्या हौशी खेळाडूंना शिकवत होता. अशा खेळाडूंकडे दिवसातून दोनदा सराव करायला वेळ नसतो, त्यामुळे जे सांगायचं ते थोडक्यात आणि प्रत्येकाला कळेल असं सांगावं लागतं.

२००० मध्ये जवळच्याच होफेनहाइमने त्याला बोलावलं. जेमतेम तीन-साडेतीन हजार वस्तीचं गाव, पण सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचे एक संस्थापक डीटमार हॉप पाठीशी. पहिल्याच हंगामात फ्लिकने संघाला तिसऱ्या स्तरावर नेलं. तिथून वर जाणं मात्र जमेना. वर्षामागून वर्षं प्रयत्न झाले आणि नोव्हेंबर २००५ मध्ये त्याला काढण्यात आलं. पुढे राल्फ रांगनिकने त्याच क्लबला सलग दोन बढत्या मिळवून देत २००८ मध्ये बुंडेसलिगात पोचवलं. त्या काळात कोणी पैज लावली असती, की या दोघांपैकी चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकणारा कोण, तर फ्लिकवर पैसे लावणारा विरळाच सापडला असता.

२००६ मध्ये तो ऑस्ट्रियात साल्झबुर्गला जोव्हानी त्रापात्तोनीच्या हाताखाली थोडे दिवस राहिला. त्रापात्तोनी म्हणजे सावध, बंदिस्त बचावाचा पुरस्कर्ता, फ्लिक पुढे जे करणार होता त्याच्या अगदी उलट टोकाचा माणूस. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीचा नवा प्रशिक्षक योआखिम लोव याने त्याला सहायक म्हणून घेतलं, आणि फ्लिक आठ वर्षं त्या बाकावर बसला.

सहायक काय करतो, हे आपल्याला दिसत नाही, म्हणून दोन प्रसंग. युरो २००८ च्या उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालविरुद्ध लोववर बंदी होती. तो काचेआड प्रेक्षकांत बसला आणि संघ फ्लिकने हाताळला. जर्मनी ३-२ ने जिंकलं. त्यातले क्लोझ आणि बालाक यांचे दोन गोल श्वाइनस्टायगरच्या फ्री किकवर आलेले हेडर होते. सहा वर्षांनी, २०१४ च्या विश्वचषकाच्या तयारीत, कॉर्नर आणि फ्री किकचा कसून सराव व्हावा म्हणून फ्लिकने जोर लावला. लोवला त्यात फारसा रस नव्हता. ब्राझीलमध्ये पोर्तुगालविरुद्ध हुमेल्स, घानाविरुद्ध क्लोझ, फ्रान्सविरुद्ध पुन्हा हुमेल्स, आणि ब्राझीलविरुद्धच्या त्या ७-१ मधला म्युलरचा पहिला गोल, हे सगळे अशाच चेंडूंवर झाले. १३ जुलै २०१४ ला मारकानावर जर्मनी विश्वविजेता झालं तेव्हा झळकलं लोवचं नाव, आणि ते योग्यच होतं. पण एखादी गोष्ट रोज घोटून घेतली की अटीतटीच्या सामन्यात ती आपोआप घडते, हा धडा फ्लिककडे पक्का झाला होता.

मग जर्मन फुटबॉल संघटनेत क्रीडा संचालक, होफेनहाइममध्ये काही महिने व्यवस्थापन. ही कार्यालयातली वर्षं आपल्याला फारशी लागत नाहीत.

२०१९ च्या उन्हाळ्यात तो बायर्नला निको कोवाचचा सहायक म्हणून आला. २ नोव्हेंबरला फ्रँकफर्टने बायर्नला ५-१ असं लोळवलं, दुसऱ्या दिवशी कोवाच गेला, आणि संघ फ्लिककडे आला तो केवळ तात्पुरता. वय ५४, मुख्य प्रशिक्षक म्हणून बुंडेसलिगात एकही सामना नाही. आठवड्याभरात बायर्नने डॉर्टमुंडला ४-० ने हरवलं.

काय बदललं? नव्या खेळाडूंची वाट त्याने पाहिली नाही, होते त्यांच्या जागा बदलल्या. बाकावर बसवलेला थोमास म्युलर परत अकरात आला, कारण प्रतिस्पर्ध्यावर केव्हा धावून जायचं हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं, आणि तो धावला की बाकीचे त्याच्यामागे जात. मूळचा डावा बचावपटू डेव्हिड अलाबा मध्यभागी उभा राहून रेषेला आवाज द्यायला लागला. डावीकडे आला कोवळा अल्फोन्सो डेव्हिस, ज्याचा वेग हा या सगळ्या प्रकाराचा विमा होता: ट्रॅप फसला तरी तो मागे पळून चेंडू गाठायचा. आणि सगळ्यांत मागे मॅन्युएल नॉयर, जो पेनल्टी क्षेत्राबाहेर येऊन शेवटच्या बचावपटूसारखा खेळतो.

१४ ऑगस्ट २०२० ला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत लिस्बनला झालेल्या बायर्न-बार्सिलोना सामन्याचं नाव काढलं की आजही बार्सिलोनाचे चाहते गप्प होतात. आपल्याकडे मध्यरात्र उलटून स्वातंत्र्यदिन सुरू झाला होता. करोनामुळे रिकामं स्टेडियम, खेळाडूंच्या हाका स्पष्ट ऐकू येत होत्या. पाऊण तासात ४-१ आणि शेवटी ८-२. चेंडू बार्सिलोनाच्या बचावपटूच्या पायाशी आला रे आला की लाल शर्टवाले तिघे-चौघे त्याच्याभोवती, आणि मेस्सीपर्यंत चेंडू पोचायची वाटच बंद. उपांत्य फेरीत लिऑनने मात्र सुरुवातीला दोनदा ती रेषा फोडली. डेपाय एकटा नॉयरसमोर आला आणि चुकला, टोको एकांबीचा फटका खांबाला लागला. ते दोन चेंडू आत गेले असते तर आज हा लेख वेगळा झाला असता, हे मान्य करावं लागतं. बायर्नने तो सामना ३-० ने जिंकला आणि अंतिम फेरीत कोमानच्या एकमेव गोलवर पॅरिस सेंट-जर्मेनला हरवलं. त्या चॅम्पियन्स लीगमधले अकराच्या अकरा सामने जिंकले, जे आधी कोणालाच जमलं नव्हतं.

बुंडेसलिगा, जर्मन करंडक, चॅम्पियन्स लीग, युरोपियन सुपर कप, जर्मन सुपर कप आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये क्लब विश्वचषक. सहाच्या सहा. असं करणारा बार्सिलोनानंतरचा हा दुसराच क्लब. क्रीडा संचालक हसन सालिहामिजिचशी मात्र त्याचं जमलं नाही, आणि दुसरी बुंडेसलिगा जिंकून तो निघून गेला. एकूण ८६ सामने, ७० विजय, सात पराभव आणि सात करंडक.

आणि मग जर्मनी. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने राष्ट्रीय संघ हाती घेतला आणि सुरुवातीचे आठही सामने जिंकले. प्रतिस्पर्धी लिश्टेनस्टाइन, आर्मेनिया असे होते, तरी विक्रम तो विक्रम. बायर्नचेच अर्धा डझन खेळाडू संघात, खेळाची पद्धत तीच. मग गाडी रुळावरून घसरली कुठे?

२३ नोव्हेंबर २०२२, कतार, जपानविरुद्धचा सामना. जर्मनी १-० ने पुढे होतं, ७५ व्या मिनिटाला दोआनने बरोबरी केली. आठ मिनिटांनी जपानने स्वतःच्या अर्ध्या मैदानातून एक लांब फ्री किक मारली. आसानो धावला. जर्मनीच्या बचावफळीतले बाकीचे पुढे होते, पण पलीकडच्या बाजूला निक्लास झुले काही पावलं मागे राहिला होता, आणि त्याच्यामुळे आसानो नियमात ठरला. श्लॉटरबेक त्याला गाठेपर्यंत त्याने अरुंद कोनातून चेंडू नॉयरच्या डोक्यावरून जाळ्यात मारला होता. कबड्डीतल्या साखळीत एकाचा हात क्षणभर आधी सुटला की चढाईपटू निसटतो, तसंच हे. चौघांपैकी तिघे बरोबर असून भागत नाही.

झुले काही नवखा नव्हता, बायर्नमध्ये तो फ्लिककडेच खेळला होता. पण त्या दिवशी तो उजव्या कडेला होता, जी त्याची नेहमीची जागा नव्हे. त्या विश्वचषकात जर्मनीने तीन सामन्यांत तीन वेगवेगळे उजवे बचावपटू खेळवले: जपानविरुद्ध झुले, स्पेनविरुद्ध केहरर, कोस्टा रिकाविरुद्ध किमिश. ज्या पद्धतीचा जीव चौघांनी एका क्षणी एक पाऊल टाकण्यात आहे, ती अशी सामन्यागणिक माणसं बदलून कशी चालावी? बायर्नमध्ये फ्लिकला दीड वर्षात ८६ सामने आणि जवळपास रोजचा सराव मिळाला. राष्ट्रीय संघात दोन वर्षांत सामने २५, आणि मधले महिनेच्या महिने खेळाडू आपापल्या क्लबांत, आपापल्या प्रशिक्षकांच्या वेगळ्या सवयी लावून घेत. खेळाडू चांगले होते, प्रशिक्षक तोच होता, घोटून घ्यायला दिवस नव्हते. फ्लिकची चूक माझ्या मते इथे आहे: हातात दिवस नाहीत हे दिसत असताना त्याने पद्धत सोपी करायला हवी होती, ती त्याने केली नाही.

जर्मनी गटातच बाद झालं. २०२३ उजाडलं ते आणखी वाईट. बेल्जियम, पोलंड, कोलंबिया यांच्याकडून हार, आणि ९ सप्टेंबरला वोल्फ्सबुर्गमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर पुन्हा जपान, १-४. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. १९२६ पासूनच्या इतिहासात जर्मनीने मुदतीआधी हाकललेला हा पहिला राष्ट्रीय प्रशिक्षक. आठ महिने तो घरी होता.

मे २०२४ मध्ये त्याला बार्सिलोनाने बोलावलं. ज्या क्लबला त्याने आठ गोल मारले तोच क्लब. पैशांची चणचण, नव्या खेळाडूंची नोंदणी करायची मारामार, आणि संघात सतरा वर्षांची पोरं: पाउ कुबार्सी, लामिन यमाल. फ्लिकसाठी हे वरदानच ठरलं असं मी म्हणेन. बार्सिलोनाच्या अकादमीत वाढलेली मुलं लहानपणापासून दाटीत खेळायला शिकतात, चेंडू गेला की लगेच मागे लागायची सवय त्यांच्या अंगात मुरलेली असते. पेद्रीसारखा नाजूक दिसणारा मिडफिल्डर त्या हंगामात चेंडू हिसकावण्यात पुढे होता, आणि हे फ्लिकच्या स्वतःच्या जुन्या कामाचंच जरा देखणं रूप. राफिन्हा, ज्याला क्लब विकायला निघाल्याची चर्चा होती, सर्वांत आधी धावून जाणारा माणूस झाला आणि हंगामात ३४ गोल करून बसला.

रेषेला आवाज देणारा होता ३३ वर्षांचा इनिगो मार्टिनेझ. वेग बेताचा, पण खेळ वाचण्यात तरबेज. सामना पुन्हा बघायला मिळाला तर काही मिनिटं चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे बघा. पास देणाऱ्याने चेंडू मारायला पाय मागे घेतला, की मार्टिनेझचा हात वर जातो आणि तो पुढे सरकतो, त्याच्याबरोबर कुबार्सी, त्याच्याबरोबर कुंडे आणि बाल्दे. मागे पळणाऱ्या आघाडीपटूकडे ते वळूनही बघत नाहीत. बर्नाबेऊतल्या त्या रात्री हे बारा वेळा जमलं. मध्यांतराला फ्लिकने बदल केला तोही मधल्या फळीत: फेर्मीनच्या जागी फ्रेंकी डी यंग. चेंडूवरचा ताबा घट्ट झाला आणि अर्ध्या तासात चार गोल झाले.

त्या वर्षी वेळेच्या शिस्तीवरूनही बरीच चर्चा झाली. बैठकीला उशिरा आला म्हणून कुंडेला एका सामन्यात सुरुवातीच्या अकरातून वगळलं. जानेवारी २०२५ मध्ये गोलरक्षक इनाकी पेन्या उशिरा आला, तर निवृत्तीतून परत बोलावलेल्या श्चेस्नीला गोलमध्ये उभं केलं, आणि लवकरच पेन्याची जागा गेली. काहींना हा जर्मन खाक्या वाटला. मला त्यात पद्धतीचीच गरज दिसते. अर्ध्या सेकंदाच्या उशिराने गोल खाणाऱ्या संघात उशीर ही खासगी बाब राहत नाही.

पहिल्याच हंगामात ला लिगा, कोपा देल रे हा स्पेनचा करंडक आणि स्पॅनिश सुपर कप. लीगमध्ये १०२ गोल. रिआल माद्रिदशी चार लढती आणि चारही जिंकल्या. पण त्यातली शेवटची, ११ मे २०२५ ची, ४-३ अशी होती, आणि एम्बापेने त्यात तीन गोल मारले. चौदाव्या मिनिटालाच बार्सिलोना ०-२ ने मागे होतं. म्हणजे हा संघ गोल खातो, भरपूर खातो. फ्लिकचा हिशेब इतकाच, की आपण त्याहून जास्त करू.

तो हिशेब इंटर मिलानसमोर चुकला. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पहिल्या सामन्यात ३-३. त्यात मखितार्यानचा एक गोल बुटाच्या टोकाइतक्या फरकाने ऑफसाइड ठरला, म्हणजे पद्धतीने आपलं काम चोख केलं. पण इंटरचे तीनपैकी दोन गोल कॉर्नरवर आले, जिथे थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड लागतच नाही आणि उंचीपुढे रेषेचं काही चालत नाही. मिलानमधल्या परतीच्या सामन्यात निर्धारित वेळ संपत आली तेव्हा बार्सिलोना ३-२ ने पुढे होतं. शेवटची मिनिटं, सगळे दमलेले, आणि आचेर्बी नावाच्या ३७ वर्षांच्या बचावपटूने पुढे येऊन बरोबरी केली. जादा वेळेत फ्रातेसीने चौथा मारला. दोन्ही सामने मिळून इंटर ७-६ ने जिंकलं. व्हिएन्नातल्या १९८७ च्या रात्रीसारखाच हातातोंडाशी आलेला घास गेला.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मार्टिनेझ सौदी अरेबियाच्या अल-नस्रला गेला, तोच क्लब जो ऑक्टोबरमध्ये एफसी गोवाशी फातोर्ड्याला खेळला. वरवर बघता एक वयस्क बचावपटू कमी झाला होता. प्रत्यक्षात रेषेचा आवाज गेला. त्यातच राफिन्हा आणि पुढे पेद्रीही दुखापतींनी बाहेर, म्हणजे चेंडूवर धावून जाणारेही कमी. परिणाम लगेच दिसला. सेव्हियाने ४-१ ने हरवलं, पॅरिस आणि माद्रिदने २-१ ने. ५ नोव्हेंबरला बेल्जियमच्या ब्रुजविरुद्ध ३-३ झाले तेव्हा कार्लोस फोर्ब्स नावाचा विंगर पुन्हा पुन्हा रेषेमागे सुटत होता. कॅमेरा मोकळ्या रानात धावणाऱ्या फोर्ब्सवर होता, पण चूक बहुतेक वेळा त्याआधीच झालेली असायची: मधल्या फळीत कोणीतरी चेंडूवाल्याला मान वर करून बघू दिलेलं असायचं.

बचाव मागे घ्या, असा सल्ला स्पॅनिश वृत्तपत्रांनी दिला, माजी खेळाडूंनी दिला. त्या सामन्यानंतर फ्लिकला थेट विचारलंही गेलं, आणि पद्धत बदलणार नाही असं त्याने तिथेच स्पष्ट केलं. मला त्याचं म्हणणं पटतं. बचाव वीस मीटर मागे नेला तर मागची जागा भरेल, पण मधली फळी पुन्हा एकटी पडेल, दोन बाजूंच्या खिंडारात धावत राहील, आणि राफिन्हाने पुढे धावून केलेल्या कष्टांना पाठबळच उरणार नाही. फ्लिकला दुरुस्ती करायची असेल तर ती चेंडूभोवतीच करावी लागेल.